चौक भाड्याने देणे आहे

रविवारी संध्याकाळी उपनगरातल्या कुठल्याही मॉलच्या दारात दहा मिनिटं उभं राहा आणि माणसांच्या हातांकडे बघा. आत जाणाऱ्यांचे हात रिकामे, बाहेर येणाऱ्यांचेही बहुतेक रिकामेच. फार तर एका हातात आइस्क्रीमचा कोन आणि दुसऱ्या हातात त्या कोनासाठी रडून झालेलं पोर. एवढी माणसं काहीही न घेता परत जातात आणि तरी मॉल चालतो कसा, हे कोडं कोपऱ्यावरच्या वाण्याला रोज पडतं. त्याच्या दुकानासमोर कोणी पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं तर तो विचारतो, 'काय देऊ?' मॉलच्या गॅलऱ्यांतून तीन तास हिंडलात तरी हा प्रश्न कोणी विचारत नाही.

विचारणार कशाला? मॉल काही विकायला बसलेलाच नसतो. साबण, साड्या, बूट विकतात ते आतले दुकानदार. मॉलचा मालक विकतो ती जागा, तीही महिन्याच्या बोलीवर. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदार. आपण म्हणजे त्या दुकानदाराला दाखवायची गर्दी. या धंद्यात तिला 'फूटफॉल' म्हणतात, म्हणजे पावलं तेवढी मोजायची. पावलांवर उभा असलेला माणूस हिशेबात नाही.

गंमत अशी की ज्याने हा प्रकार जगाच्या गळ्यात बांधला, त्याला दुकानदारीत मुळीच रस नव्हता. त्याला चौक हवा होता.

व्हिक्टर ग्रूएन. जन्म 1903, गाव व्हिएन्ना. दिवसा वास्तुरचना, रात्री राजकीय टिंगलटवाळीचे नाट्यप्रयोग. ज्यू असल्यामुळे 1938 मध्ये हिटलर ऑस्ट्रियात घुसल्यावर पळ काढावा लागला. न्यू यॉर्कला उतरला तेव्हा खिशात आठ डॉलर होते म्हणतात. पोटासाठी दुकानांच्या दर्शनी भागांची सजावट करता करता तो अमेरिकेचा बडा वास्तुकार झाला. पण व्हिएन्नातले कॅफे, पायी फिरायचे रस्ते, चौकातल्या गप्पा काही डोक्यातून गेल्या नाहीत. अमेरिकन उपनगरात त्याला दिसलं ते असं: घर, गाडी, हमरस्ता, रस्त्याच्या कडेने जाहिरातींच्या पाट्या आणि सुटी सुटी दुकानं. शेजारणीची भेट व्हायची तर दोन गाड्यांची टक्कर व्हावी लागेल, अशी अवस्था. या लोकांना एक चौक बांधून द्यावा, असं त्याने मनावर घेतलं.

1954 मध्ये डेट्रॉइटजवळ त्याने 'नॉर्थलँड' उभारलं. ते उघड्यावरचं होतं. दरम्यान मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिसच्या शेजारच्या ईडायना गावात, 'डेटन्स' या मोठ्या दुकानाच्या मालकांनी त्याला बोलावलं. तिथली थंडी अशी की वर्षातले जेमतेम 126 दिवस बाजाराला धड हवामानाचे, असा ग्रूएनचा हिशेब. त्यावर त्याने सगळ्या बाजारालाच छत घातलं. आतलं तापमान बारमाही 24 अंशांच्या आसपास. दोन मजली दुकानं, सगळ्यांची तोंडं आत. मधोमध अंगण, अंगणात झाडं, माशांचं तळं, 21 फूट उंच पक्ष्यांचा पिंजरा आणि कॉफी प्यायला टेबलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी दोन मोठी दुकानं, 'डेटन्स' आणि 'डोनाल्डसन्स', एकाच छताखाली समोरासमोर. 72 दुकानं, 5,200 गाड्यांची जागा, खर्च दोन कोटी डॉलर. नाव 'साउथडेल'. 8 ऑक्टोबर 1956 रोजी दारं उघडली आणि पहिल्याच दिवशी 75 हजार माणसं आली. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित उपनगरी मॉलचा हा मूळपुरुष.

फ्रँक लॉइड राइट हा अमेरिकन वास्तुकारांतला खाष्ट आजोबा. तो साउथडेल बघायला आला आणि नाक मुरडून म्हणाला की गावच्या रस्त्यातले सगळे दोष इथे आहेत, त्याची गोडी तेवढी नाही. आजोबा खाष्ट होते, पण आंधळे नव्हते.

खरी गोष्ट पुढेच आहे. ग्रूएनचा मूळ आराखडा 463 एकरांचा होता. त्यात मॉल हा नुसता मध्यबिंदू. भोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग आणि एक तळं. माणसं चालत येतील, पोरं शाळेतून थेट बागेत जातील, म्हातारे अंगणात बसतील. झालं काय? मॉल उभा राहिला, भोवतालच्या जमिनीचे भाव चढले, आणि चढलेल्या भावाने तुकडे पाडून विकण्यात जो आनंद आहे तो तळं खणण्यात कुठला! तळं कागदावरच आटलं. शाळा, दवाखाने, चालायच्या वाटा सगळं जिथल्या तिथे राहिलं, म्हणजे नकाशात. ज्या उपनगरी पसाऱ्यावर उतारा म्हणून मॉल सुचला, तो पसारा मॉलच्याच आधाराने आणखी पसरला.

आणि हे काही एका शेठची हाव म्हणून सोडून देता येत नाही. यात सरकारचा हात होता, कायदेशीर हात. 1954 मध्ये अमेरिकेने कराच्या नियमांत बदल केला. नव्या व्यापारी इमारतीचा घसारा सुरुवातीच्या वर्षांतच भराभर दाखवायची मुभा मिळाली. म्हणजे मॉल बांधा, भाडं खिशात घाला, कागदावर तोटा दाखवा, कर वाचवा. घसारा संपत आला की विका आणि पुढच्या गावी नवा बांधा. शहरातली जुनी बाजारपेठ डागडुजी करून टिकवली तर ही सवलत नाही, कारण तिथे नवं काही बांधत नाही ना आपण! मग पैसा शहराबाहेर पळाला यात नवल नाही. साउथडेल उघडलं त्याच 1956 च्या जूनमध्ये आयसेनहॉवर यांनी देशभर महामार्ग बांधायच्या कायद्यावर सही केली. करमाफीने मॉल बांधले, महामार्गाने गिऱ्हाईक पोचवलं. पुढच्या काही दशकांत अमेरिकाभर मॉलच मॉल झाले. इतिहासात याला 'ग्राहकांची बदलती आवड' असं गोड नाव आहे.

ग्रूएन 1968 मध्ये कंटाळून व्हिएन्नाला परतला. तिथे त्याचं स्वागत कशाने झालं? शहराच्या दक्षिणेला 'शॉपिंग सिटी स्युड' नावाचा अवाढव्य मॉल 1976 मध्ये उघडला. ज्या गावचा चौक त्याने अमेरिकेला नेला, त्या गावच्या चौकाच्या मुळावर त्याचंच पिल्लू येऊन बसलं. 1978 मध्ये लंडनच्या भाषणात त्याने जाहीर करून टाकलं की माझ्या नावावर खपवलेल्या या अनौरस पोरांची पोटगी मी देणार नाही. 1980 मध्ये तो गेला. गिऱ्हाईक आत शिरल्यावर काय घ्यायला आलो हेच विसरून भिरभिरायला लागतं, त्या अवस्थेला मात्र आजही 'ग्रूएन ट्रान्सफर' म्हणतात. चौक मागणाऱ्याला जगाने दिलेलं हे स्मारक.

आता आपल्याकडे या. आपण नक्कल करतो तेव्हा पानं गाळत नाही, फक्त पानांचा क्रम बदलतो.

मुंबईत 1999 साली ताडदेव-हाजीअलीला 'क्रॉसरोड्स' उघडलं तेव्हा बघ्यांची एवढी झुंबड उडाली की व्यवस्थापनाने दारावर अट घातली: मोबाइल दाखवा, नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवा, दोन्ही नसेल तर 60 रुपये काढा. टीका झाली, अट गेली. पण एका गोष्टीबद्दल त्या अटीचे आभार मानायला हवेत. मॉल कोणाचा आहे हे दारावर इतक्या स्वच्छपणे त्यानंतर कोणी लिहिलं नाही. आता मोबाइल सगळ्यांकडे आहे, म्हणून अट नजरेत गेली. दारावरचा गार्ड पिशवी सगळ्यांची तपासतो, पण चप्पल कोणाची कशी आहे हे त्याला पिशवीआधी दिसतं.

उपनगरात त्याआधीच सुरुवात झाली होती. 'शॉपर्स स्टॉप'चं पहिलं दुकान 1991 मध्ये अंधेरीला निघालं. पण मॉलांची लाट आली ती 2003-04 च्या सुमाराला: मुलुंडचं 'आर मॉल', 'निर्मल लाइफस्टाइल', मालाडचं 'इनऑर्बिट'. तेव्हाचे वर्तमानपत्री लेख आठवा. मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला, मुंबईकराची अभिरुची बदलली, जागतिकीकरण, वगैरे. जणू मुलुंडकर एके दिवशी सकाळी उठला आणि म्हणाला, आज मला सरकता जिना पाहिजे.

जमिनीचं काय झालं होतं ते या लेखांत नसे. लाल बहादुर शास्त्री मार्ग, जुन्या माणसांचा आग्रा रोड, हा मुंबईतल्या कारखान्यांचा कणा होता. कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना, जिथून फियाट बाहेर पडायच्या. भांडुपला सिएट, जीकेडब्ल्यू. विक्रोळीला गोदरेज. सकाळी सातच्या भोंग्यावर या रस्त्याचं घड्याळ चालायचं. मग यातले काही कारखाने एकेक करून थंडावले, कामगार स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन घरी बसले, आणि मालकांच्या ध्यानात आलं की वर्षानुवर्षं घाम गाळून जे यंत्रांनी मिळवलं नाही ते यंत्रांखालच्या जमिनीत पडून आहे. औद्योगिक पट्ट्यात निवासी-व्यापारी वापराची परवानगी मिळवायची. बिल्डरांच्या बोलीत 'आय टू आर'. ते झालं की टॉवर. टॉवर विकायला जाहिरातीत काहीतरी झगमगतं लागतं. म्हणून शेजारी मॉल.

कांदिवलीच्या आकुर्ली रोडवरचं 'ग्रोवेल्स 101' या बाबतीत सगळ्यात प्रामाणिक. मालक ग्रॉअर अँड वील, धातूला मुलामा चढवायची रसायनं बनवणारी जुनी कंपनी. कारखान्याच्याच जागेवर तिने मॉल काढला. ताळेबंदात तिची खाती बघा: एक मुलाम्याच्या रसायनांचं, एक यंत्रांचं आणि एक 'शॉपरटेनमेंट'चं. धंदा बदलला असं कोण म्हणेल? आधी लोखंडाला मुलामा देत होते, आता रविवारला देतात.

आणि करमाफी? तीही आली, राहील कशी! 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सूट दिली: पहिली तीन वर्षं कर शून्य, पुढली दोन वर्षं पाव कर. शेजारचं जुनं एकपडदा थिएटर, फाटक्या खुर्च्यांचं, भरत होतं पूर्ण कर. नव्यासाठी सवलत, जुन्याला ठेंगा. 1954 ची अमेरिका 47 वर्षांनी मंत्रालयात पोचली. आता उपनगरी मॉलच्या वरच्या मजल्यावर सिनेमा का असतो, हे वेगळं सांगायला नको. गर्दी तो खेचतो, आणि गर्दी खाली उतरताना दुकानांवरून उतरते.

या उतरण्याचं शास्त्र फार बारकाईचं आहे. वाणसामानाचं मोठं दुकान तळघरात, खाणं आणि सिनेमा शेंड्यावर, म्हणजे गरजेच्या दोन गोष्टींच्या मधे बिनगरजेचे तीन मजले. पहिल्या मजल्यावर नेणारा सरकता जिना या टोकाला, दुसऱ्यावर नेणारा त्या टोकाला. मधली सगळी वाट काचांच्या कडेने. खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही. बाहेर अंधार पडला की पाऊस पडला, हे आत कळता कामा नये.

त्या पहिल्या सरकत्या जिन्याशी जरा थांबून बघा. साठीतल्या एक बाई निऱ्या मुठीत धरून उभ्या. पाऊल पुढे, पाऊल मागे. वर पोचलेली नात ओरडते, 'आजी, पिवळ्या रेघेच्या आत ठेव पाय!' मागे रांग तुंबते, कोणी चुकचुकतं, सून कानकोंडी होते. शेवटी एक गार्ड येतो, हात देतो आणि आजी डोळे मिटून वर जातात. लिफ्ट आहे. पण ती कुठेतरी खांबामागे, गाड्यांच्या तळघरातून येणारी; तिच्या वाटेवर दुकानं नाहीत म्हणून तिच्या पाट्याही नाहीत.

आता पैशाची वाट बघा. सगळ्यात मोठ्या दुकानाला सगळ्यात कमी दर, हा मॉलचा पहिला नियम. जत्रेत तमाशाचा फड सवलतीत बसवतात, कारण त्याच्या गर्दीवर भजीवाले जगतात. तसं हे 'अँकर'. भजीवाल्याच्या जागी असलेला छोटा दुकानदार मात्र फुटाला चढा दर मोजतो. शिवाय त्याला किमान भाडं किंवा विक्रीतला टक्का, यांतलं जे जास्त असेल ते द्यावं लागतं. त्यावर 'कॅम', म्हणजे एसी, झाडलोट, गार्ड, दिवे यांचा वाटा. आणि भाडं आकारतात ते नुसत्या गाळ्यावर नाही, तर गॅलऱ्या, जिने, अंगण यांचा हिस्सा चढवून फुगवलेल्या क्षेत्रफळावर. म्हणजे तुम्ही-आम्ही ज्या गॅलरीत फुकट हिंडतो, तिचं भाडं आतला चपलावाला भरतो, आणि तो ते चपलेत घालतो. गॅलरी फुकट नाही. बिल फक्त दुसऱ्या काउंटरवर निघतं.

पार्किंगचं तर बोलूच नका. गाड्यांची जागा नकाशात दाखवल्याशिवाय मॉलला परवानगी मिळत नाही. जागा दाखवायची, परवानगी घ्यायची आणि मग तीच जागा तासावर विकायची. गुजरात उच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं की मॉलना असे पैसे घेता येणार नाहीत. आपल्याकडे पावती फाडणारा तो निकाल वाचत बसत नाही. मागे रांग असते.

मॉलचा एक भाग मात्र जाहिरातीत येत नाही: दुकानांच्या पाठीमागचा बोळ. पुढे इटालियन संगमरवर आणि मागे बिनगिलाव्याच्या भिंती, उघडे पाइप, पिवळा दिवा. खोक्यांचे पुठ्ठे उलगडून त्यावर दोन-तीन विक्रेत्या मुली बसलेल्या. एकीच्या डब्यात चपाती आणि बटाट्याच्या काचऱ्या, दुसरी बूट काढून टाचा चोळते आहे. दुकानात बसायला स्टूल नसतं. बसलेली मुलगी काचेतून बरी दिसत नाही. केरळमध्ये कोळिकोडच्या दुकानांतल्या बायका यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा 2018 मध्ये राज्याने बसायचा हक्क कायद्यात घातला. तमिळनाडूने 2021 मध्ये तेच केलं. ज्या इमारतीत शेकडो सोफे विकायला मांडलेले असतात, तिथे बूड टेकायला कायदा लागतो.

एवढा पक्का धंदा, तरी बुडतोच कसा? आपल्याकडचे बरेच मॉल बुडाले ते हाव आवरली नाही म्हणून. भाड्याचा पैसा सावकाश येतो. बिल्डरला तो आजच हवा असतो. मग गाळे भाड्याने न देता फ्लॅटसारखे विकायचे. निवृत्त कारकून, डॉक्टर, दुबईचा भाचा, प्रत्येकाच्या नावावर एकेक गाळा. मालक शेकडो, मॉल एक. समोरासमोर तीन मोबाइलवाले, मधे कुलूप, पलीकडे कोचिंग क्लास. एसीचं बिल भरायचं कोणी यावर मीटिंग. मीटिंगला कोणी येत नाही म्हणून एसी बंद. एसी बंद म्हणून गिऱ्हाईक बंद. नाइट फ्रँक या सल्लागार कंपनीने 2023 साली देशातल्या आठ मोठ्या शहरांत 64 'घोस्ट' शॉपिंग सेंटरं मोजली, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त गाळे रिकामे असलेली. भुताटकीसाठी आता चिंचेचं झाड लागत नाही.

सगळ्या भुताटक्या मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. भांडुपचं 'ड्रीम्स' असंच, शेकडो छोट्या गाळ्यांचं, मालकीच्या भानगडीत अडकलेलं. त्यातच वरच्या मजल्यावर कोविडचं रुग्णालय चालू होतं. 25 मार्च 2021 च्या मध्यरात्रीच्या सुमारास मॉलला आग लागली, धूर वर चढला आणि रुग्णालयातल्या 11 जणांचा जीव गेला. त्याच्या पाच महिने आधी, ऑक्टोबर 2020 मध्ये, मुंबई सेंट्रलच्या 'सिटी सेंटर' मॉलची आग विझायला 56 तास लागले होते. खिडकी नसलेली इमारत धूर बाहेर सोडत नाही, हे सांगायला अग्निशमन दलाचा अहवाल लागत नाही. पण खिडकी दिली तर गिऱ्हाइकाला संध्याकाळ झालेली दिसते.

कोविडने मॉलची फजिती केली ती वेगळीच. 27 जानेवारी 2020 पासून मुंबईत मॉल रात्रभर उघडे ठेवायला परवानगी मिळाली. नाइटलाइफ, लंडन, न्यू यॉर्क, सगळी भाषणं झाली. दोन महिने भरायच्या आत दिवसाही कुलूप लावायची पाळी आली. पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला दोन डोसच्या अटीवर दारं उघडली, तर आतल्या नोकरांचेच दोन डोस झालेले नव्हते. कितीतरी मॉल उघडून पुन्हा मिटले.

आणि इतक्या रामायणात उपनगराच्या खिशावर राज्य कोणी केलं? डीमार्टने. पहिलं दुकान 2002, पवई. राधाकिशन दमाणींनी ओळखलं की मॉलमध्ये पैसा भाडेकरू नाही, जमीनवाला मिळवतो. मग आपणच जमीनवाले का होऊ नये? शक्यतो स्वतःची जागा घ्यायची, झगमगाट शून्य, डाळ स्वस्त. तिथे कोणी हिंडायला जात नाही. तिथून रिकाम्या हाताने बाहेर पडलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. उलट 'बिग बझार', जो मॉलांचा जीव की प्राण होता, 2022 मध्ये पाटीसकट गेला. ज्या मारवाड्याला आणि वाण्याला मॉल गिळणार म्हणून 2005 च्या आसपास अग्रलेख लिहिले गेले, तो गल्ल्यावर तसाच बसलेला आहे. आता त्याला दहा मिनिटांत कोथिंबीर पोचवणाऱ्यांची धास्ती आहे; मॉलची कधीच नव्हती.

आता एवढं झोडपल्यावर मॉलच्या पदरात टाकायचं ते टाकलं पाहिजे. उपनगरात बाईमाणसाला स्वच्छ, दिवा असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह हवं असेल तर मॉलसारखी जागा नाही. मे महिन्यात चाळीतल्या पत्र्याखालून उठून म्हातारा माणूस दुपारभर गारव्यात बसू शकतो. कॉलेजातल्या दोघांना एकमेकांशेजारी बसता येतं आणि बीट मार्शल येऊन नाव-पत्ता विचारत नाही. एकटी मुलगी रात्री नऊला कॉफी घेऊन पुस्तक वाचू शकते. हे सगळं खरं आहे, आणि यातलं एकही काम मॉलचं नाही. ही महापालिकेची कामं आहेत. मैदान क्लबला दिलं, बाग संध्याकाळी बंद, फुटपाथवर गाड्या, शौचालयाला कुलूप. मग माणसं जाणार कुठे? ग्रूएनला निदान बर्फाची सबब होती. मुलुंडला बर्फ पडत नाही. इथे बाहेर बसता येत नाही ते बसायला काही ठेवलेलं नाही म्हणून.

म्हणजे आपल्याकडे ग्रूएनचं स्वप्न एका अर्थी खरं झालं: लोक मॉलला चौकासारखं वापरतात. भानगड एवढीच की मॉल त्यांना चौकासारखं वागवत नाही. अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पोर्टलंडच्या 'लॉइड सेंटर' मॉलमध्ये काही जण व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटत होते, त्यांना बाहेर काढलं. 1972 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: मॉल खाजगी मालमत्ता आहे, मालकाला नको असेल तर पत्रकं वाटता येणार नाहीत. नंतर काही राज्यांनी आपापल्या घटनेच्या आधारे थोडी वाट मोकळी केली, पण मूळ मुद्दा निकाली निघाला. झाडं असतील, कारंजं असेल, बाक असतील, हक्क नसेल.

साउथडेलचं पुढे काय झालं तेही ऐका. एका बड्या दुकानाच्या जागी 2019 मध्ये व्यायामशाळा आली. गाड्यांच्या ओसाड होत चाललेल्या मैदानात 2014 पासून राहायच्या इमारती उठल्या, नंतर हॉटेल. चालत मॉलला येणारे शेजारी 58 वर्षांनी मिळाले, तेही मॉलला गिऱ्हाईक कमी पडायला लागल्यावर. आराखडा चांगला होता, तोटा व्हायची वाट बघावी लागली. आपल्याकडे मुलुंड ते कुर्ला पट्ट्यात उद्या मॉल पडतील आणि टॉवर चढतील, तेव्हाही माहितीपत्रकात 'क्लब हाउस', 'स्काय गार्डन', 'हाय स्ट्रीट' सगळं असेल. चौक नसेल. चौकाचं भाडं येत नाही.

तेव्हा जागा कोणती खरी, याची एक सोपी परीक्षा सांगून ठेवतो. तिथे उभं राहून त्या जागेच्या मालकाच्या नावाने बोंब मारता येते का? महापालिकेच्या नावाने रस्त्यावर मारता येते. पोलीस फार तर लाउडस्पीकर बंद करायला लावतील. आता मॉलच्या अंगणात, कारंज्याशेजारी उभं राहून पार्किंगच्या दराविरुद्ध दोन वाक्यं मोठ्याने बोलून बघा. तिसऱ्या वाक्याला वॉकीटॉकी वाजेल आणि दोन अतिशय नम्र गार्ड तुम्हाला दाराकडे घेऊन जातील. पुढच्या वेळी मत मागायला कोणी आलं तर त्याला मैदान, बाक, सावली आणि उघडं स्वच्छतागृह, एवढ्या चारच गोष्टी मागा. तो हो म्हणेल, देणार नाही. मग त्याविरुद्ध ओरडायला जाल कुठे? मॉलमध्ये ओरडायला मनाई आहे, आणि मॉलबाहेर ओरडायला चौक ठेवलेला नाही.